पाहुण्या पक्ष्यांवरचा आळ

थंडी पडू लागली की कर्वेनगरजवळ मुठेच्या काठी शेपटी हलवत फिरणारे धोबी पक्षी दिसतात. उत्तरेकडून हिवाळ्यापुरते आलेले पाहुणे. त्याच दिवसांत कुठे कोंबड्या मेल्याची बातमी आली की घरोघरी प्रश्न सुरू होतात. मुलांना नदीवर पाठवायचे का? दावतीला चिकन ठेवायचे का? आणि पहिला आळ या पाहुण्यांवर येतो.

हा आळ जुना आहे, आणि त्याची एक हकिकत पुण्याशी जोडलेली आहे. 1957 साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, पाठोपाठ गावकरी तापाने फणफणले. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या एनआयव्हीने, त्याचा विषाणू शोधला. तो गोचिडीतून पसरत होता आणि रशियातल्या एका मेंदूज्वराच्या विषाणूचा भाऊबंद निघाला. इतक्या दूरचा भाऊबंद इथे कसा? स्थलांतरी पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडींनी आणला असेल, असा तर्क निघाला.

तपास अंगावर घेतला तो मुंबईच्या सुलेमानी बोहरा घराण्यातल्या डॉ. सलीम अलींनी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हजारो पक्षी पकडून त्यांच्या पायांत क्रमांकाची वाळी घातली. सापडल्यास मुंबईला कळवा, असे त्यांवर कोरलेले असे. त्यांतले काही पुढे थेट सोव्हिएत प्रदेशात सापडले. पक्ष्यांच्या वाटा कळल्या, पण ताप त्यांनी आणला याचा पुरावा मिळाला नाही. रोग पसरवणारी गोचीड इथल्याच जंगलातली होती, आणि जंगल तोडून, गुरे चारत, जळण गोळा करत माणूसच तिच्यापर्यंत पोचत होता.

विषाणू पिढ्यान्‌पिढ्या थोडे थोडे बदलतात. त्या फरकांवरून त्यांची भाऊबंदकी लावता येते. 1990 च्या दशकात जेद्दाहमधल्या खाटकांत आढळलेला अलखुर्मा विषाणू या क्यासनूर तापाच्या अगदी जवळचा निघाला. तो पक्ष्यांबरोबर फिरला की जनावरांच्या व्यापाराबरोबर, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे.

बर्ड फ्लूत मात्र पाहुणे अगदी निर्दोष नाहीत. रानबदकांच्या पोटात त्याचे सौम्य विषाणू मुक्काम करतात आणि त्यांच्याबरोबर प्रवासही करतात. पण असा सौम्य विषाणू दाटीवाटीच्या कोंबडीशेडमध्ये शिरला, तर हजारो कोंबड्यांतून फिरताना बदलून जीवघेणा होऊ शकतो. मग कोंबड्या, पिंजरे आणि ट्रक त्याला गावोगाव नेतात. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबारच्या नवापूरला देशातली पहिली साथ आली. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या आणि कित्येक कुटुंबांचा धंदा बसला.

दावतीचे उत्तर सोपे आहे. आतपर्यंत नीट शिजलेल्या मांसात हा विषाणू टिकत नाही. कच्चे मांस हाताळल्यावर हात, सुरी आणि पाट साबणाने धुवावे. नदीवर मुलांना खुशाल जाऊ द्या, फक्त मेलेल्या पक्ष्याला हात लावू नये.

क्यासनूरचा ताप मात्र आता महाराष्ट्रातही आहे. 2016 मध्ये सिंधुदुर्गच्या दोडामार्गात तो काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना झाला. तिथे त्याला माकडताप म्हणतात. कोकणात गावी गेलात आणि रानात मेलेले माकड दिसले, तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा.