गोथा : ड्यूकांचा कलासंग्रह आणि एका व्यापाऱ्याचा वारसा

जर्मनीतील थुरिंगिया प्रांतात एरफुर्ट आणि आयझेनाख या दोन शहरांच्या मध्ये गोथा वसले आहे. एके काळी ही ड्यूकांची राजधानी होती. टेकडीवरील भव्य फ्रीडनश्टाइन राजवाडा ड्यूक अर्न्स्ट पहिला याने १६४३ साली बांधावयास घेतला, तेव्हा तीस वर्षांचे विनाशकारी युद्ध संपलेही नव्हते. प्रवेशद्वारावर त्याने शांती आणि न्याय या दोन देवतांचे आलिंगन कोरविले. शांतता पोसते आणि कलह खाऊन टाकतो, असा त्यावरील लेखाचा आशय आहे. याच राजवाड्यात एकहोफ नाट्यगृह असून, देखावे बदलणारी त्याची सतराव्या शतकातील लाकडी यंत्रणा आजही चालते.

ड्यूकांच्या पिढ्यांनी जमविलेला संग्रह राजवाड्यात मावेना, म्हणून समोरच्या उद्यानापलीकडे स्वतंत्र संग्रहालय उभारले गेले. ते १८७९ साली खुले झाले. सुमारे १४८० च्या सुमाराचे ‘गोथाचे प्रेमी युगुल’ हे तेथील मानाचे चित्र. क्रानाखची चित्रे, फ्रेंच शिल्पकार हूदों याच्या कलाकृती आणि इजिप्तमधील ममीही तेथे पाहावयास मिळतात. दुसऱ्या महायुद्धानंतर संग्रहाचा मोठा भाग सोव्हिएत रशियात गेला. त्यातील बराचसा १९५० च्या दशकात परतला. पुढे अनेक वर्षे या इमारतीत निसर्गविज्ञानाचे संग्रहालय होते. २०१३ साली ती पुन्हा कलेसाठी खुली झाली.

मात्र सर्वांत मोठा आघात डिसेंबर १९७९ मध्ये झाला. राजवाड्यातून एका रात्रीत पाच जुनी चित्रे चोरीस गेली. त्यांत फ्रान्स हाल्स आणि थोरला होल्बाइन यांची चित्रे होती. पूर्व जर्मनीतील ती सर्वांत मोठी कलाचोरी ठरली. राज्य बदलले, देश एक झाला, पण भिंतीवरील जागा रिकाम्याच राहिल्या. २०१८ साली एका वकिलाने महापौरांशी संपर्क साधला. संयमाने वाटाघाटी झाल्या, बर्लिनच्या प्रयोगशाळेत चित्रे तपासली गेली आणि २०२० च्या आरंभी, चाळीस वर्षांनी, ती घरी परतली.

व्यापारी कुटुंबांस या शहराची आणखी एक ओळख आवडावी. येथील व्यापारी अर्न्स्ट विल्हेल्म आर्नोल्डी याने १८२० साली व्यापाऱ्यांसाठी आगविमा संस्था स्थापिली आणि १८२७ साली आयुर्विमा संस्था. दोन्हींचे तत्त्व परस्पर साहाय्याचे : सभासदांनी मिळून जोखीम उचलावी आणि उरलेली शिल्लक सभासदांसच परत मिळावी. जर्मनीच्या विमा व्यवसायाचा इतिहास सांगणारे संग्रहालयही गोथामध्येच आहे.

भोवतालच्या प्रदेशाचे भारताशी एक जुने नाते आहे. वेड नावाच्या वनस्पतीपासून निळा रंग काढून गोथा, एरफुर्ट आदी पाच शहरे संपन्न झाली होती. समुद्रमार्गे भारतीय नीळ येऊ लागली, तसा हा व्यापार ओसरला. एरफुर्टमधील दुकानांनी आणि घरांनी भरलेला १३२५ सालचा दगडी व्यापारी पूल त्या वैभवाची आजही आठवण देतो. पश्चिमेस आयझेनाखचा वार्टबुर्ग किल्ला, तर दक्षिणेस थुरिंगियाचे अरण्य आहे. गोथाहून तेथवर ट्राम जाते.

सत्ता, सीमा आणि बाजारभाव बदलत राहिले. येथील माणसांनी मात्र ठेव परत मिळविण्याची चिकाटी सोडली नाही. ज्यांच्या घरात दुसऱ्याची ठेव जपण्याची रीत आहे, त्यांना गोथाची भेट म्हणूनच आपलीशी वाटेल.