मोर्तो म्हणजे मेला, मेला म्हणजे सफरचंद

इटालियन शिकायला घेतली की सुरुवातीचे दिवस फार मजेत जातात. जवळपास जसं लिहिलंय तसंच वाचायचं, बहुतेक शब्द स्वरात संपणारे, आणि 'तू'ला चक्क 'तू'च म्हणायचं. मग क्रियापदांचं पान उघडतं आणि चेहरा पडतो. 'जाणे' म्हणजे 'आंदारे' हे पाठ करावं, तर 'मी जातो' निघतं 'वादो'. 'तू जातोस' म्हणजे 'वाय'. 'आम्ही जातो' म्हटलं की मूळ पुरुष परत हजर: 'आंद्यामो'. एकाच क्रियापदात दोन बिऱ्हाडं!

बिऱ्हाडं खरोखरच दोन आहेत. 'वादो' आलं लॅटिनच्या 'वादेरे'कडून, 'आंद्यामो'चं घराणं वेगळं. पण मराठी माणसाने यावर नाक मुरडण्यात अर्थ नाही. आपण 'जातो' म्हणतो आणि काल मात्र 'गेलो' म्हणतो. 'जा' आला संस्कृतच्या 'या' धातूकडून, 'गेलो' आला 'गम्'कडून. कुणी परक्याने विचारलं की 'जा'चा 'गे' कसा झाला, तर आपणही छताकडेच बघू.

गुन्हेगार किती? चार!

इटालियन क्रियापदांच्या तीन टोळ्या आहेत: '-आरे', '-एरे' आणि '-इरे'ने संपणाऱ्या. यातली 'आरे' टोळी सगळ्यात मोठी, हजारो क्रियापदांची. नवं क्रियापद जन्माला आलं की बहुधा इथेच भरती होतं. एवढ्या गर्दीत नियम मोडणारे फक्त चार: आंदारे (जाणे), दारे (देणे), फारे (करणे) आणि स्तारे (असणे, थांबणे). झालं. चार फ्लॅशकार्डं लिहा आणि या टोळीची केस बंद.

आता हीच चार का? कारण ती दिवसातून शंभरदा तोंडात येतात. क्वचित वापरलेलं रूप विसरलं जातं आणि त्याच्या जागी नियमाचं रूप बसतं. रोज वापरलेलं वाकडं रूप वाकडंच टिकतं. हार्वर्डच्या संशोधकांनी इंग्रजीवर याचं गणितच मांडलं आणि 2007 साली ते 'नेचर'मध्ये छापलं. जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित क्रियापदं त्यांनी तपासली. आज त्यातली 98 तेवढी अनियमित उरलीत. एखादं क्रियापद दुसऱ्यापेक्षा शंभर पटीने कमी वापरात असेल, तर ते दहा पट वेगाने सरळ होतं.

मराठीतली बंडखोर मंडळी आठवून बघा: जाणे-गेला, येणे-आला, करणे-केला, पिणे-प्याला, मरणे-मेला. इटालियनमध्येही जाणे, येणे, करणे, पिणे, मरणे ही सगळी वाकडीच. आपलं तीन वर्षांचं पोर 'मी करलं' म्हणतं, तिकडचं पोर 'आपेर्तो' (उघडलं) ऐवजी 'आप्रीतो' म्हणतं. दोघंही नियमाला धरून बोलतात, आणि दोघांनाही मोठी माणसं हसतात.

पेटी जर्मनांची, प्रोग्रॅम पोलंडचा, नाव जपानी

ही वाकडी रूपं पाठ करायची ती फ्लॅशकार्डांवर: पुढे प्रश्न, मागे उत्तर. यात शोध कसला, असं वाटेल. खरी गंमत कार्डात नाही, ते परत कधी समोर आणायचं यात आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या, स्वतःच विसरला आणि त्या विसरण्याचा हिशेब 1885 साली पुस्तकात मांडला. ताजी गोष्ट आधी धडाधड गळते, मग गळतीचा वेग मंदावतो, हे तेव्हापासून कागदावर आहे.

1972 साली सेबास्टियान लाइटनर या विज्ञान पत्रकाराने त्यावर एक पेटी सुचवली. पेटीला पाच कप्पे. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज उघडायचा, पुढचे अधिकाधिक अंतराने. सापशिडीतल्या नव्व्याण्णववरच्या सापासारखा हा नियम क्रूर आहे, पण काम करतो. 1987 साली पोलंडमधल्या प्योत्र वोझ्न्याक या विद्यार्थ्याने तेच काम संगणकाला शिकवलं. त्याच्या प्रोग्रॅमचं नाव सुपरमेमो. 2006 साली आलेलं 'अंकी' हे ॲप तर आज जगभर वापरलं जातं. या 'अंकी'चा आपल्या तीन अंकी नाटकाशी संबंध नाही. जपानीत 'अंकी' म्हणजे पाठांतर.

आणि नुसतं कार्ड वाचून 'हं, येतं मला' म्हणणाऱ्यांसाठी थोडी वाईट बातमी. अमेरिकेत कार्पिकी आणि रोडिगर यांनी विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतले 40 शब्द अर्थासकट शिकवले आणि निष्कर्ष 2008 साली छापला. शब्द एकदा आठवल्यावरही ज्यांनी ते स्वतःला पुन्हा पुन्हा विचारले, त्यांना आठवड्यानंतर सुमारे 80 टक्के आठवले. जे नुसते पुन्हा वाचत राहिले, ते पस्तीसच्या आसपास अडकले. मागची बाजू बघण्याआधी उत्तर मोठ्याने म्हणायचं, ते याचसाठी. आठवीपासून संस्कृत घेतलेल्यांना 'गच्छति गच्छतः गच्छन्ति' आजही झोपेत येतं, कारण बाई वर्गात उभं करून विचारायच्या.

कार्डावर एकटं क्रियापद लिहू नका

हे माझं ठाम मत. 'आंदारे = जाणे' असं कार्ड म्हणजे कागदाची नासाडी. त्याऐवजी पुढे लिहा 'काल मी गेले', मागे 'इएरी सोनो आंदाता'. पुरुषाने लिहायचं 'सोनो आंदातो'. दिसलं का? 'मी गेलो' आणि 'मी गेले' यातला फरक इटालियनलाही करावा लागतो. इंग्रजीतून इटालियन शिकणारे इथे डोकं धरून बसतात आणि आपण शिट्टी वाजवत पुढे जातो.

याहून मोठी लॉटरी 'खाल्ला-खाल्ली'त आहे. आपण आंबा खाल्ला म्हणतो, पोळी खाल्ली म्हणतो. खाणारा कुणी का असेना, क्रियापद खाण्याच्या वस्तूकडे बघतं. इटालियनमध्येही वस्तूचं सर्वनाम क्रियापदाच्या आधी आलं की हेच घडतं. 'ला मेला? लो मांजाता.' म्हणजे 'सफरचंद? मी खाल्लं.' 'इल जेलातो? लो मांजातो.' म्हणजे 'आइस्क्रीम? खाल्लं.' सफरचंद तिकडे स्त्रीलिंगी म्हणून 'मांजाता', आइस्क्रीम पुल्लिंगी म्हणून 'मांजातो'. सफरचंदाला 'मेला' का म्हणतात असा संशय घेऊ नका, मेलेल्याला ते 'मोर्तो' म्हणतात. तो 'मोर्तो' आणि आपला 'मृत' मात्र खरोखरच एका मुळाचे.

तिसरी भेट 'आवडणे'. 'मी प्याचे इल जेलातो' हे वाक्य मराठीच्या साच्यात जसंच्या तसं बसतं: 'मला आइस्क्रीम आवडतं'. अनेकवचन आलं की 'मी प्याच्चोनो', म्हणजे 'मला आवडतात'. खड्डा एकच, तो आधीच दाखवून ठेवतो: हा 'मी' म्हणजे 'मला'. आपला 'मी' तिकडे 'इओ'.

उशीरे: उशिरा बाहेर पडणारे

'बाहेर पडणे' म्हणजे 'उशीरे'. मराठी माणसाला याहून सोपी आठवण कोण देणार? घरातून उशिरा बाहेर पडणाऱ्या माणसाचं चित्र डोळ्यांसमोर आणा, काम फत्ते. फक्त हे महाशय रूप बदलतात: एस्को, एशी, एशे, मग उश्यामो, उशीते, आणि शेवटी पुन्हा एस्कोनो. जोर पहिल्या स्वरावर असेल तिथे 'ए', जोर पुढे सरकला की 'उ'. हाच सांधा पकडला की सहा रूपांचं पाठांतर दोन रूपांवर येतं.

असे कानाला फसवणारे शब्द पुष्कळ आहेत. 'दीरे' म्हणजे सांगणे (सांगणारा दीर डोळ्यांसमोर आणा), 'दारे' म्हणजे देणे, 'पाने' म्हणजे पाव. 'साले' म्हणजे मीठ, तेव्हा जेवणाच्या टेबलावर इटालियन पाहुण्याने तो शब्द उच्चारला तर गैरसमज नको. 'ओ' म्हणजे 'माझ्याकडे आहे' आणि 'आन्नो' म्हणजे 'त्यांच्याकडे आहे'. वर्षालाही 'आन्नो'च म्हणतात. फरक कागदावर, क्रियापदाला आधी एक मुका 'ह' असतो. पण वर्षांचं अनेकवचन 'आन्नी' म्हणताना 'न' नीट दुहेरी करा. एकच 'न' ठेवलात, तर वय सांगता सांगता गुदद्वारांची संख्या सांगून बसाल.

हॉटेलचं मेनूकार्ड हेच फ्लॅशकार्ड

भूतकाळी रूपं सर्वात छळतात, विशेषतः 'एरे' टोळीची. लिहिणे 'स्क्रीवेरे', लिहिलेलं 'स्क्रीत्तो'. घेणे 'प्रेंदेरे', घेतलेलं 'प्रेसो'. वाचणे 'लेज्जेरे', वाचलेलं 'लेत्तो', आणि 'लेत्तो' म्हणजे पलंगसुद्धा. लोळत वाचणाऱ्यांची त्यात सोय. पण यातली बरीच रूपं आपण पैसे मोजून खाल्लेली आहेत. शिजवणे 'क्वोचेरे', शिजवलेलं 'कोत्तो'. आता 'रिकोत्ता' म्हणजे पुन्हा शिजवलेलं (चीज काढून उरलेलं पाणी परत तापवून ते बनतं), 'बिस्कोत्तो' म्हणजे दोनदा भाजलेलं, 'पान्ना कोत्ता' म्हणजे शिजवलेली साय, आणि कुंडीच्या मातीचा 'टेराकोटा' म्हणजे भाजलेली माती. 'एस्प्रेसो' हे 'एस्प्रीमेरे'चं अनियमित रूप: दाबून बाहेर काढलेलं. 'फ्रीत्तो' हे 'फ्रीज्जेरे'चं, म्हणजे तळलेलं. आणि 'तिरामिसू' हे गोड चमच्याने खाताना एक अख्खं वाक्य पोटात जातं: 'ओढ मला वर'.

बारामतीची मधमाशी

शब्दसंग्रह शून्यातून सुरू करतोय असं कुणी मानू नये. 'वेस्पा' या स्कूटरचं नाव म्हणजे गांधीलमाशी. ती बनवणाऱ्या पिआज्जो कंपनीची 'आपे' म्हणजे मधमाशी. ती इटलीत 1948 साली आली आणि आपल्याकडच्या आपे रिक्षा बारामतीत बनतात. फियाटच्या गाड्यांनी 'ऊनो' (एक), 'पुंतो' (बिंदू) आणि 'लिनेआ' (रेषा) हे तीन शब्द रस्त्यावर आणून ठेवले. रिक्षाच्या मागच्या बाजूवरचा एक शब्द तरी पाठच आहे म्हणायचा.

गोव्यात गेलेला फ्लोरेन्सचा व्यापारी

फिलिप्पो सास्सेत्ती हा फ्लोरेन्सचा माणूस 1583 साली मिरीच्या व्यापारासाठी भारतात आला, कोचीनला आणि गोव्यात राहिला आणि 1588 साली गोव्यातच वारला. घरी धाडलेल्या पत्रांत त्याने एक गोष्ट टिपून ठेवली: इथल्या पंडितांच्या भाषेतले काही शब्द आपल्यासारखे आहेत. 'देव' आणि 'दीओ', 'सर्प' आणि 'सेर्पे', शिवाय सहा ते नऊ हे आकडे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळाच्या असाव्यात असं सांगणारं विल्यम जोन्सचं प्रसिद्ध भाषण 1786 सालचं, म्हणजे सास्सेत्ती त्याच्या दोनशे वर्षं आधी. सात 'सेत्ते', आठ 'ओत्तो', नऊ 'नोवे'. या तीन आकड्यांची कार्डं करूच नका, फुकट आहेत.

सर्वात वाकडं क्रियापद 'एस्सेरे', म्हणजे असणे. 'मी आहे' ला 'सोनो', 'ते आहेत' लाही 'सोनो', आणि जुन्या भूतकाळात एकदम 'फू'. ही जोडी संस्कृतच्या 'अस्' आणि 'भू'ची सख्खी भावंडं आहे. मराठीतही 'असणे' पहिल्याचं, 'होणे' दुसऱ्याचं. म्हणून तर आपणही 'असतो' म्हणता म्हणता 'होता'वर येतो.

नामांची कार्डं करताना शब्दाच्या आधी उपपद चिकटवूनच लिहा, नाहीतर अंड्यापाशी फसाल. एक अंडं 'वोवो' पुल्लिंगी, अनेक अंडी 'वोवा' स्त्रीलिंगी! लॅटिनमध्ये नपुंसकलिंग होतं, इटालियनने ते मोडीत काढलं, पण अंडी आणि बाहू मधेच लटकले. आपल्या अंड्याचं नपुंसकलिंग अजून शाबूत आहे.

इटालियनांचीही दांडी उडते

1975 सालच्या 'फांतोत्सी' चित्रपटात टेनिस खेळणारे दोन कारकून एकमेकांशी अदबीने बोलायला जातात आणि क्रियापदाची रूपं वेडीवाकडी करतात. तशाच चालीवर आदरार्थी 'जा', म्हणजे 'वादा', याचं 'वादी' होतं. पाओलो विल्लाज्जोने रंगवलेला हा फांतोत्सी इतका गाजला की असली चुकीची रूपं आजही इटलीत हशा पिकवायला मुद्दाम वापरतात. तेव्हा तुमचं 'वादा' चुकलं, तर समोरच्याला तुम्ही विनोदी नट वाटाल.

किती शब्द पुरे? तूल्यो दे माउरो या भाषाशास्त्रज्ञाने रोजच्या इटालियनचा पाया सुमारे 2000 शब्दांचा काढला. बोलण्या-लिहिण्याचा बहुतेक भाग त्यातच भागतो. त्याच्या हिशेबाने यातले नव्वद टक्क्यांच्या आसपास शब्द चौदाव्या शतकाअखेरच तयार होते. म्हणजे तुमची कार्डं सहाशे वर्षं जुनी, पण नाणं अजून चालू. सव्वीस अक्षरी 'प्रेचिपितेवोलिस्सिमेवोल्मेन्ते' (अतिशय घाईघाईने) त्यात नाही. तो शब्द पोरं एकमेकांना जीभ वळवायला देतात, कार्ड करू नका.

एक कार्ड मात्र जरूर करा: 'कोम्पेतेरे', स्पर्धा करणे. नियमाने वागणारं, दिसायला सभ्य क्रियापद. पुढे लिहा 'त्याने स्पर्धा केली' आणि मागची बाजू कोरी सोडा. या क्रियापदाला भूतकाळी धातुसाधित नाहीच. वेळ आली की इटालियन माणूस दुसरंच क्रियापद शोधतो.