नुकसानीची मागणी, शारीरिक इजेच्या दाव्यातील

नुकसानीची मागणी, शारीरिक इजेच्या दाव्यातील : दुसऱ्याच्या हयगयीमुळे किंवा अन्य अपकृत्यामुळे इजा झालेल्या व्यक्तीने भरपाई म्हणून मागावयाच्या रकमेचे वादपत्रातील निवेदन. भारतात दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील तिसऱ्या आदेशानुसार पक्षकारास वकिलाशिवाय स्वतः दावा चालविता येतो. असा वादी पुष्कळदा अपघाताची हकीकत विस्ताराने लिहितो व शेवटी ‘योग्य ती भरपाई मिळावी’ एवढेच मागतो. दिवाणी न्यायालयात ते पुरेसे नाही. सातव्या आदेशानुसार पैशाच्या दाव्यात मागितलेली नेमकी रक्कम वादपत्रात नमूद करावी लागते. न्यायालयाची अधिकारिता व न्यायालय शुल्क याच आकड्यावर ठरतात.

हा आकडा वादीला बांधून ठेवतो. मागितल्यापेक्षा अधिक रक्कम दिवाणी न्यायालय सामान्यतः देत नाही आणि दुसऱ्या आदेशानुसार, त्याच वादकारणावरील मागणीचा गाळलेला भाग नंतर वेगळ्या दाव्याने मागता येत नाही. वादपत्रात दुरुस्ती करता येते. पण तीस न्यायालयाची परवानगी लागते व सुनावणी सुरू झाल्यावर ती सहसा मिळत नाही. उलट आकडा फुगविल्यास शुल्क वाढते आणि दावा अंशतःच मान्य झाला, तर जादा शुल्क बहुधा वादीच्याच माथी पडते. शुल्क भरण्याची ऐपत नसलेल्यास तेहतिसाव्या आदेशानुसार अकिंचन म्हणून दावा लावता येतो.

रकमेची मांडणी दोन भागांत करतात. औषधोपचार, प्रवास, परिचारक व बुडालेली मजुरी ही विशेष नुकसानी; ती पावत्यांनिशी दाखवावी लागते. वेदना, जीवनसुखाचा ऱ्हास व भावी कमाईतील घट ही सर्वसाधारण नुकसानी. यांतील कमाईची घट सर्वांत मोठी व सर्वांत वादग्रस्त. वैद्यकीय दाखल्यातील अपंगत्वाची टक्केवारी म्हणजेच कमाईतील घट नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले. हात गमावलेल्या सुताराची कमाई जवळजवळ संपते. तोच हात गमावलेल्या कारकुनाची नोकरी टिकू शकते. मोटार अपघातांसाठी २००९ मध्ये निश्चित झालेल्या गुणकांनुसार ३१ ते ३५ वर्षे वयासाठी गुणक १६ आहे. दरमहा १२,००० रु. मिळविणाऱ्या ३४ वर्षांच्या व्यक्तीची कमाई २५ टक्क्यांनी घटली, तर वार्षिक घट ३६,००० रु. व भावी वाढ न धरता एकूण घट ५,७६,००० रु. होते. असे गणित दिलेली मागणी ठोक ‘दहा लाख’ या मागणीपेक्षा न्यायालयापुढे निश्चितच अधिक टिकते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ खालील न्यायाधिकरणापुढे स्थिती निराळी आहे. तेथे ‘न्याय्य’ भरपाई ठरविणे हे न्यायाधिकरणाचेच कर्तव्य असल्याने अर्जातील आकड्याहून अधिक रक्कमही देता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला. कोसळलेली भिंत, उघडा खड्डा वा पाळीव जनावर यांमुळे झालेल्या इजेच्या दिवाणी दाव्यास मात्र ही सवलत मिळत नाही.