बोधचिन्हावरचा लहान शिकारी

एखाद्या कंपनीला बोधचिन्हासाठीं शिकारी पक्षी हवा असला म्हणजे तिला बहुधा गरुडच आठवतो. रोल्स-रॉइस कंपनीनेंही आपल्या १९१५ सालच्या पहिल्या विमान-एंजिनाला ईगल, म्हणजे गरुड, हेंच नांव दिलें. पुढें मात्र ती लहान पक्ष्यांकडे वळली. तिच्या केस्ट्रेल एंजिनाचें नांव आपल्या खरुचीचें. साताऱ्याकडील कड्यांवर वाऱ्याला तोंड देऊन अधांतरीं एका जागीं ठरणारा तांबूस ससाणा तो हाच.

त्यानंतरचें मर्लिन एंजिन १९३३ सालीं प्रथम चाललें. हें नांव राजा आर्थरच्या कथेंतील जादूगाराचें, असें मी वर्गांत अनेक वर्षें सांगत आलों. तें चूक होतें. मर्लिन हा ब्रिटनमधील सर्वांत लहान ससाणा. पक्षी पाव किलोहूनही हलका, आणि त्याच्या नांवाचें एंजिन बारा सिलिंडरांचें, २७ लिटर क्षमतेचें, सहाशें किलोंहून जड! १९४० सालीं ब्रिटनच्या आकाशांत लढलेल्या स्पिटफायर व हरिकेन विमानांत तेंच होतें.

आपल्या नौदलानें २००९ सालीं कुलाब्याच्या हेलिकॉप्टर-तळाला शिक्रा हें नांव दिलें. हेलिकॉप्टरला खरें म्हणजे खरुची अधिक शोभली असती. शिक्रा पानांआड दबा धरून एकाएकीं झडप घालणारा. पण तें असो. शिक्र्याच्या रूपाची नक्कल निसर्गांत पूर्वींच झाली आहे. 'पेरते व्हा' म्हणून ओरडणारा पावशा रंगानें आणि उडण्याच्या ढबीनें हुबेहूब शिक्रा दिसतो. लहान पक्षी त्याला पाहून भेदरतात, आणि पावशाची मादी सातभाईच्या घरट्यांत आपलें अंडें ठेवून निघून जाते. बाजारांत असें कोणी केलें तर फिर्याद होते.

सांगलीकडच्या एखाद्या साखर कारखान्यानें मला विचारलें, तर मी कापशी घार सुचवीन. पांढरी-करडी, लाल डोळ्यांची, जेमतेम कबुतराएवढी. शेतालगतच्या तारेवर ती बसलेली आपण पाहिली असेल. तीही खरुचीप्रमाणें अधांतरीं ठरते आणि पाय खालीं सोडून उंदरावर उतरते. उंदीर ऊंस कुरतडतात, तेव्हां तिची मजुरी कारखान्याच्या पदरांत पडते. फक्त निशाणी रंगविण्यापूर्वीं कारखान्यानें आपल्या सभासदांच्या फडांत एकदां चौकशी करावी. उंदरांसाठीं तेथें विष घातलें असेल, तर तें खाऊन सुस्तावलेला उंदीर कापशीला सर्वांत आधीं सांपडतो.