पक्षी हवेत? मग पानांवर अळ्याही हव्यात

अंगणात, गच्चीवर किंवा सोसायटीच्या कुंपणालगतच्या चार फूट मातीत पक्षी यावेत असं वाटणाऱ्यांची संख्या वाढते आहे, ही फार चांगली गोष्ट आहे. पण रोपं आणली, दाणे टांगले, वेळच्या वेळी फवारणीही केली, तरी पक्षी येत नाहीत, अशी तक्रार बऱ्याचदा ऐकू येते. त्यामागे काही घट्ट रुजलेले गैरसमज आहेत.

गैरसमज : भरपूर फुलं असली की पक्षी येणारच.

वस्तुस्थिती : फुलांची संख्या नव्हे, त्यांतला मध महत्त्वाचा. शोभेच्या दुहेरी फुलांत पुष्कळदा पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात आणि त्या गर्दीतून मधापर्यंत चोच पोचत नाही. याउलट पळस, पांगारा, काटेसावर यांची लाल-केशरी, जाड पाकळ्यांची फुलं पक्ष्यांचा भार सहज पेलतात. ती माघ-फाल्गुनात, ऐन पानगळीत उमलतात, आणि मैना, बुलबुल, कोतवाल, शिंजीर यांची त्यांवर झुंबड उडते. एवढ्या मोठ्या झाडाला जागा नसेल तर धायटी लावावी. या झुडपाच्या तांबड्या, नळीसारख्या फुलांवर शिंजीर हमखास येतो. मुरुडशेंगेची विटकरी फुलंही त्याच्या आवडीची.

गैरसमज : परदेशी झाडांकडे पक्षी फिरकतच नाहीत.

वस्तुस्थिती : फिरकतात. घाणेरी मूळची अमेरिकेची, पण तिची काळी फळं बुलबुल आवडीने खातो. त्याच्या विष्ठेतून बिया पडत गेल्या आणि घाणेरीने आपली रानंच्या रानं व्यापली. खरा प्रश्न वेगळाच आहे. मोठ्या पक्ष्याचं फळांवर आणि मधावर भागतं, पिल्लांना मात्र किडे आणि अळ्या लागतात. बहुतेक अळ्या ठरावीक वनस्पतींचीच पानं खातात. त्या पानांतली रसायनं पचवण्याची ताकद त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्यांच्या सहवासातून आलेली असते. परक्या झाडाचं पान त्यांतल्या फार थोड्यांना चालतं. म्हणून मादागास्करहून आलेला गुलमोहर किंवा दक्षिण अमेरिकेची बोगनवेल बहरून गेली, तरी पिल्लांसाठी तिथे फारसं काही नसतं.

गैरसमज : दाणे टाकले की पक्ष्यांची सोय झाली.

वस्तुस्थिती : चिमणी धान्य खाते, हे खरं. पण अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लांना ती मुख्यतः किडे आणि अळ्याच भरवते. मधासाठी ओळखला जाणारा शिंजीरही पिल्लांसाठी कोळी आणि बारीक किडे टिपून नेतो. शहरात टाकलेल्या धान्यावर बहुतेक वेळा पारवेच जमतात, आणि त्यांची पिसं आणि वाळलेली विष्ठा सतत श्वासावाटे शरीरात जाऊन फुफ्फुसांचे विकार होऊ शकतात. दाण्यांऐवजी दोन बोटं खोलीचं पाण्याचं पसरट भांडं ठेवा आणि पाणी रोज बदला.

गैरसमज : पानांना भोकं पडली म्हणजे झाड आजारी. लगेच फवारा.

वस्तुस्थिती : कढीपत्त्याचंच झाड पाहा. कॉमन मॉर्मन हे फुलपाखरू त्याच्या कोवळ्या पानांवर एकेक करून पिवळसर, गोल अंडी घालतं. अंड्यातून निघालेली अळी सुरुवातीला तपकिरी-पांढरी, हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते. कात टाकत टाकत ती मोठी होते आणि शेवटी पानाच्याच रंगाची हिरवीगार बनते. हे सगळं सोंग पक्ष्यांच्या नजरेतून सुटण्यासाठी. कारण शिंपी, वटवट्या आणि दयाळ अशाच अळ्या पान न् पान उलटून हुडकत असतात. फवारा मारलात की त्यांचं ताट रिकामं झालं. निंबोळी अर्क सेंद्रिय असला, तरी तोही अळ्यांची वाढ थांबवतो. चार पानं खाल्ली गेल्याने निरोगी झाड मरत नाही, त्याला पुन्हा पालवी फुटते. पुढे याच झाडाची पिकून काळी झालेली फळं खायला बुलबुल आणि कोकिळ येतात.

गैरसमज : देशी झाडं म्हणजे वड आणि पिंपळ. आमच्याकडे तेवढी जागा नाही.

वस्तुस्थिती : वड, पिंपळ, उंबर यांचं मोल मोठंच आहे. आपला राज्यपक्षी हरियाल त्यांच्याच फळांवर जगतो. पण भिंतीजवळ ती लावू नयेत, मुळं बांधकाम फोडतात. छोट्या अंगणात कढीपत्ता, धायटी, अडुळसा, पांढरफळी सहज मावतात. कुंपणाला करवंद लावलं तर फळं मिळतात आणि त्याच्या काटेरी जाळीत मांजरापासून घरटंही सुरक्षित राहतं. बाल्कनीत मोठ्या कुंडीतला कढीपत्ताही चालतो. आणि एखाद्या कोपऱ्यात गवताला बी धरू दिलंत, तर मुनिया येतील.

गैरसमज : बाग झाडून-लोटून स्वच्छ हवी.

वस्तुस्थिती : सातभाईंचा थवा पालापाचोळा उलटून त्याखालचे किडे खातो. रोज पाचोळा जाळणाऱ्या बागेत त्यांना काहीच उरत नाही. शिवाय धुराचा त्रास होतो तो वेगळाच. तांबट पक्षी मऊ, वाळक्या फांदीत ढोली कोरून घरटं करतो. कुणाच्या डोक्यावर पडण्याचा धोका नसेल, तर अशी फांदी छाटू नका.

देशी रोपं जंगलातून उपटून आणू नका, ती क्वचितच जगतात आणि रानाचं नुकसान मात्र नक्की होतं. खात्रीच्या रोपवाटिकेतून घ्या किंवा बियांपासून वाढवा, आणि पहिला दमदार पाऊस झाला की लावा. फार काही जमणार नसेल, तर या पावसाळ्यात एक कढीपत्ता लावा, आणि त्याच्यावर अळी दिसली तर तिला तिथेच राहू द्या.