न्हाल्यानंतरचा एक तास

"यंदाच्या अंकासाठी केस वाळवण्यावर लेख लिहिते आहे," असे मी वर्गात सांगितले तेव्हा मैत्रिणी हसल्या आणि मागच्या बाकावरची मुले तर जास्तच हसली. मुलांनी हा लेख पुढे वाचला नाही तरी चालेल. मात्र घरी आई-बहीण असेल तर तिच्यापर्यंत पोचवावा, एवढी विनंती आहे.

विषय सुचला तो माझ्याच वेणीवरून. मी राहते त्या वसतिगृहात नळाला पाणी पहाटे येते आणि पहिला तास आठ वाजता असतो. साडेसहाला न्हायचे, डोके खसाखसा पुसायचे, ओल्याच केसांतून कंगवा ओढायचा, घट्ट वेणी घालून रबर बांधायचे आणि पळायचे, असा माझा वर्षभराचा क्रम होता. केस मोकळे सोडून वर्गात बसणे आमच्यासारख्या खेड्यातून आलेल्या मुलीला अजून जमत नाही. गावाकडच्या कोणी पाहिले तर बातमी आपल्या आधी घरी पोचते! रात्री वेणी सोडली की आतल्या पेडांत ओल तशीच असे आणि कुबट वास येई. वर्षभरात शेपटा निम्म्याने बारीक झाला. केस गळत आहेत असे समजून मी शॅम्पू बदलला, मेथ्या वाटून लावल्या. शेवटी एके दिवशी कंगव्यातले गुंतवळ उजेडात धरून नीट पाहिले. मुळापासून गळालेल्या केसाच्या एका टोकाला बारीकसा पांढरा कंद असतो. माझ्या गुंतवळात तसे केस थोडेच होते. बाकी सारे तुकडे होते, कुठे वीतभर, कुठे चार बोटे. म्हणजे माझे केस गळत नव्हते, तुटत होते. गळण्याची कारणे शरीरात शोधावी लागतात. तुटणे मात्र बहुतेक वेळा आपल्याच हातून होते.

ते का होते हे समजण्यासाठी केसाची रचना थोडी पाहावी लागेल. केस हा केराटिन नावाच्या प्रथिनाचा धागा आहे. नखे, लोकर, जनावराची शिंगे यांतही हेच प्रथिन असते. केसाच्या बाहेरून माशाच्या खवल्यांसारखे थर एकावर एक, टोकाच्या दिशेने बसवलेले असतात. आत लांब तंतूंच्या जुड्या असतात आणि त्या निरनिराळ्या बंधांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. यांतले हायड्रोजन बंध इतके नाजूक की पाणी शिरताच सुटतात व केस वाळला की पुन्हा जुळतात. ओली वेणी वाळवून सोडली की केसांना नागमोडी वळण राहते ते यामुळेच. भिजलेला केस आपल्या वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतके पाणी पितो आणि जाडीने साधारण १५ टक्के फुगतो. मग खवले किंचित उचलले जातात व शेजारच्या केसात अडकतात. याच अवस्थेत आपण पंचाने रगडतो आणि कंगवा ओढतो.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. आमच्याकडे अंबाडीचा वाख भिजवून दोर वळतात, आणि सुती दोरही भिजला की अधिक बळकट होतो. त्यामुळे धागा भिजला की घट्ट होतो, असा आपला अनुभव. केस आणि लोकर यांचे मात्र नेमके उलट आहे. ओला केस जास्त ताणला जातो आणि कमी जोरात तुटतो. आपण केसांना सुताच्या न्यायाने वागवतो, ही मूळ चूक.

लांब केसांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. माझी वेणी सत्तर सेंटिमीटरच्या आसपास भरते. म्हणजे तिचे टोक मी सातवीत असताना डोक्याबाहेर आले. तेव्हापासूनचे ऊन, धूळ, कंगवे आणि शॅम्पू त्या टोकाने सोसले आहेत. मुळाजवळचा केस नवा आणि टोकाचा म्हातारा; दोघांना एकाच हाताने ओढून कसे चालेल?

आता कृती. न्हाऊन झाल्यावर केस लुगड्यासारखे पिळू नयेत. वरून खाली मुठीत दाबत पाणी काढावे. मग जुने, धुऊन धुऊन मऊ झालेले धोतराचे किंवा सुती लुगड्याचे फडके घ्यावे. नव्या टॉवेलपेक्षा ते बरे, कारण त्याचे सूत मऊ झालेले असते आणि ते पाणी लवकर पिते. केस त्यात गुंडाळून नुसते दाबावेत, चोळू नयेत. दहा मिनिटांनी फडके बदलावे. पंचाचे फटके मारून केस झटकण्याची जी पद्धत घरोघरी आहे, ती पाहायला छान, पण टोकांना फार वाईट! नंतर केस मोकळे सोडून वाऱ्यावर, शक्यतो सावलीत बसावे. गुंता आधी बोटांनी सोडवावा. केस निम्मे-अधिक वाळले की मोठ्या दात्यांचा कंगवा घ्यावा आणि टोकापासून सुरुवात करून हळूहळू वर जावे. मुळापासून ओढत आणले तर सगळा गुंता खाली एके ठिकाणी जमतो आणि तिथेच तुटतो. कुरळ्या केसांच्या मैत्रिणींनी मात्र थोडी ओल असतानाच, किंचित तेलाचा हात फिरवून विंचरावे. पूर्ण वाळल्यावर त्यांचा गुंता सुटत नाही. तेलाचा खरा उपयोग न्हाण्याच्या आधी असतो. रेले आणि मोहिले या संशोधकांनी २००३ साली दाखवले की खोबरेल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते. सूर्यफुलाच्या तेलाने तसे झाले नाही. आदल्या रात्री तेल लावायची आजीची रीत प्रयोगशाळेत उत्तीर्ण झाली म्हणायची.

एका बाबतीत माझाच समज खोटा ठरला. वाऱ्यावर वाळवणे सर्वांत सुरक्षित आणि यंत्र वाईट, असे मी धरून चालले होते. कोरियातील संशोधकांनी २०११ साली केलेला एक अभ्यास वाचला. यंत्र केसांजवळ धरले तसा केसांचा पृष्ठभाग अधिक बिघडला. पण ज्या केसांना वाऱ्यावर आपोआप वाळू दिले होते त्यांच्या आतील पेशींना सांधणारा थर बिघडलेला आढळला, कारण ते फार वेळ ओले राहिले. पंधरा सेंटिमीटर अंतरावरून, सतत हलवत यंत्र फिरवलेले केस त्यांपेक्षा बरे निघाले. आमच्या खोलीत असे यंत्र कोणाकडेच नाही. पण मुद्दा यंत्राचा नाही. केस भाजू नयेत, तसेच भिजत पडू नयेत. ओल्या केसांची घट्ट वेणी तर दिवसभर भिजत पडते. शिवाय दमट केस बांधून ठेवल्याने त्यांवर पांढऱ्या गाठी धरणारी एक बुरशीही होते, आणि बाया त्या गाठींना उवांच्या लिखा समजून फणीने ओढत बसतात.

कालिदासाच्या मेघदूतात उज्जयिनीच्या स्त्रिया केसांना धूप देतात आणि खिडकीतून बाहेर पडणाऱ्या त्या धुराने मेघ पुष्ट होतो. ते वाचताना मला वाटले, या स्त्रियांना वेळ किती होता! आमच्याकडे असा निवांतपणा फक्त बाळंतिणीला मिळतो. तिला न्हाऊ घालतात, पुसतात, धुरी देतात. बाकीचे आयुष्य ओल्या केसांचे.

माझे आईवडील ऊसतोड करतात. दिवाळी झाली की कारखान्यावर जातात, ते मार्च-एप्रिलला परततात. कोपीत पहाटे तीन-चारला उठायचे, मग फड. दहा-बारा दिवसांतून एकदा, दिवस मावळल्यावर, पाटाच्या पाण्याने डोके धुवायचे. वाळवायला ऊन नाही आणि बसायला वेळ नाही. ओल्या केसांचा बुचडा, त्यावर फडके, फडक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर उसाची मोळी. गेल्या वर्षी माय परतली तेव्हा तिच्या मानेवर केसांचा लिंबाएवढा घट्ट गोळा झाला होता.

शेजारच्या काकूंनी पाहिले आणि हात जोडले. म्हणाल्या, "कातर लावू नगंस, देवीचं हाय. तुझ्या चुलतसासूला बी असंच आलं व्हतं."

ती माझी चुलत आजी मला आठवते. तिची जट कंबरेपर्यंत होती. सकाळी न्हाली तर दुसऱ्या दिवशीही जटेतून ओल निथळे. म्हणून ती थंडीत न्हातच नसे. मान कायम एका बाजूला झुकलेली. 'जोगवा' हा २००९ सालचा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना सुलीची जट आणि पुढची तिची परवड आठवेल. खरे तर जट म्हणजे न सोडवलेला गुंता. ओल, घाम, धूळ आणि तेल यांनी तो घट्ट होतो, आणि कातर लावायची भीती त्याला वाढवते. ही समजूत फक्त आपल्याकडे होती असेही नाही. पोलंडमध्ये अशी जट कापली तर माणूस आंधळा होतो किंवा मरतो असे लोक मानत. वैद्यकात तिला 'प्लायका पोलोनिका' हेच नाव पडले. एकोणिसाव्या शतकात क्राको शहरातील डॉ. युझेफ डीटल यांनी त्या समजुतीविरुद्ध झुंज दिली. आपल्याकडे डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते हे काम करतात. पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी तर शेकडो स्त्रियांना समजावून त्यांच्या जटा सोडवल्या आहेत.

मायला मी पोलंडचे काही सांगितले नाही. खोबरेल कोमट केले आणि दिवे लागल्यावर तिला उंबऱ्यात बसवले. दाभणाच्या टोकाने एकेक केस ओढत तीन संध्याकाळी गेल्या. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "कायी झालं तर?" मी म्हटले, "झालं तर मला होईल, मी सोडवायलेय." तिसऱ्या दिवशी बोराएवढा गोळा उरला. तो सुटेना. मी कातर घेतली, तेव्हा तिने डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी पाण्याला गेली. काकूंनी चार-पाच दिवस लक्ष ठेवले आणि मग विचारणे सोडले.

मी आता आठवड्यातून एकदा, रविवारी न्हाते आणि गच्चीवर बसते. हळूहळू आणखी पाच-सहा जणी येऊन बसू लागल्या आहेत. गुंतवळातले तुकडे कमी झाले आहेत. यंदा दिवाळीनंतर माय निघाली तेव्हा तिच्या बोचक्यात मी मोठ्या दात्यांचा कंगवा आणि दादांचे जुने धोतर फाडून केलेले दोन पंचे घातले. त्यातला एक भाकरी बांधायला घेतला, असे तिने परवा फोनवर सांगितले.