लोणावळा : भुशी धरणाच्या पलीकडे

जूनचा पहिला पाऊस पडला की घराघरांत एकच हट्ट सुरू होतो, "अब्बा, लोणावळ्याला कधी जायचं?" मग एखाद्या रविवारी दोन-तीन कुटुंबे मिळून गाडी ठरते, बिर्याणीचे पातेले मागच्या सीटपाशी बसते आणि गाडी थेट भुशी धरणावर जाते. पायऱ्यांवरून उतरणाऱ्या पाण्यात बसायचे, भाजलेले कणीस खायचे, परतताना चिक्की घ्यायची. झाली सहल. माझे म्हणणे एवढेच आहे की लोणावळ्यात पाहण्यासारखे जे आहे ते इथे फार थोडे आहे, आणि मुलांच्या जिवाला धोका मात्र इथेच जास्त आहे.

३० जून २०२४ चा रविवार आपल्यापैकी कुणी विसरले नसेल. भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात पुण्याहून आलेले एक कुटुंब मधोमध अडकले. एकमेकांना घट्ट धरून उभे राहिलेले ते लोक आपण मोबाईलवर पाहिले. एक स्त्री आणि चार मुले, असे पाच जण त्या प्रवाहाने नेले. अल्लाह त्यांची मगफिरत करो. "नशिबात होते" म्हणून आपण गप्प बसतो. पण तो प्रवाह एकाएकी कसा वाढतो हे समजून घेणे आपल्याच हातात आहे.

अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला धडकतात, वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावर रिकामे होतात. म्हणून सुमारे ६२० मीटर उंचीच्या लोणावळ्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर जेमतेम ६५ किलोमीटरवरच्या पुण्यात ७०० च्या आसपास. हा पाऊस आपल्या डोक्यावरच पडेल असे नाही. आपण उभे असतो तिथे नुसती भुरभुर असते आणि वरच्या उतारावर मुसळधार. ते पाणी काही मिनिटांत खाली पोचते. पाणी गढूळ झाले, पालापाचोळा-काटक्या वाहून येऊ लागल्या, आवाज जड झाला, की त्याच क्षणी बाहेर पडायचे. फोटो नाही, चप्पल शोधणे नाही. वेगाने वाहणारे गुडघाभर पाणी धडधाकट माणसालाही पाडते, कारण खालचा खडक शेवाळलेला असतो. आणि कडेवर मूल घेतलेल्या माणसाला हात मोकळे नसतात.

मग पावसात लोणावळ्याला जाऊच नये का? जरूर जावे, पण डोंगर चढायला जावे. पुणे-लोणावळा लोकलने लोणावळ्याच्या अलीकडच्या मळवली स्थानकावर उतरावे. मुंबईकरांनी लोणावळ्याहून एक स्थानक मागे यावे. तिथून पायी भाजे गाव. गावाच्या वर दोन हजार वर्षांहून जुनी बौद्ध लेणी आहेत. त्यांत तबल्यासारखे वाद्य वाजवणाऱ्या स्त्रीचे शिल्प आहे. मुलांना ते शोधायला सांगा, पुस्तकातला इतिहास आपोआप जागा होतो. भाजेवरून वर गेले की गायमुख खिंड लागते. डावीकडे विसापूर, उजवीकडे लोहगड. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी लोहगडच निवडावा. नीट बांधलेल्या पायऱ्या आहेत, गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकापाठोपाठ येतात. वर सोळा कोनांचे तळे आहे आणि विंचूकाटा नावाची लांबच लांब माची. धुके फाटले तर खाली पवना धरण दिसते, नाही फाटले तर धुकेच पाहावे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या बारा किल्ल्यांत हाही आहे. विंचूकाट्यावर वारा जोराचा असेल तर कडेला जाऊ नये, लहानांचा हात सोडू नये.

वर्गातल्या मुलींना मी डोंगरावर नेते तेव्हा आयांचा पहिला प्रश्न कपड्यांचा असतो. उत्तर सोपे आहे. पायघोळ बुरखा भिजला की जड होतो आणि पायऱ्यांवर पायात येतो. घोट्याच्या वर राहणारा, सुती नसलेला घालावा. खाली सलवार, पायात खाचांचे तळवे असलेले बूट. रबरी चपला आणि छत्री, दोन्ही घरी. छत्री वाऱ्यात माणसाला ओढते. सकाळी सातला चढायला सुरुवात केली तर दुपारी खाली उतरून जोहर निवांत होते. एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावा. बिर्याणीऐवजी खजूर, चपाती-खिमा, उकडलेली अंडी. वर पातेले न्यायचे नाही, आणि रिकाम्या पिशव्या वर टाकायच्या नाहीत. (मुली हे नियम पाळतात. मामा लोक पाळत नाहीत, हा माझा अनुभव.)

मुलींना चढू द्यायचे की नाही यावर घरात कुरबुर होते, हे मला ठाऊक आहे. धबधब्याखाली आंघोळ करायला नेताना मात्र तीच मंडळी काही विचारत नाहीत.

राजमाचीचा मोह पहिल्या वर्षी टाळावा. लोणावळ्याहून वाट १५ किलोमीटरच्या घरात आहे, जंगलात धुके उतरले की ती चुकते, मध्ये ओढे आहेत. ऑक्टोबरात जा, श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले स्वच्छ दिसतात. कुठेही जा, पण घरी एकाला मार्ग आणि परतीची वेळ सांगून जा. वाट चुकली तर आहे तिथेच थांबून ११२ लावायचा, अंधारात उतरायचे नाही. लोणावळ्यात 'शिवदुर्ग मित्र' या संस्थेचे तरुण रात्री-अपरात्री, भर पावसात अडकलेल्यांना शोधायला निघतात. भुशीच्या त्या दुर्घटनेतही ते शोधकार्यात होते. आपल्या वस्तीतल्या पोहता येणाऱ्या, डोंगर चढणाऱ्या मुलांनीही दोरी आणि प्रथमोपचार शिकून घ्यावेत. शाळेच्या सुट्टीत एवढे शिकवणे अवघड नाही. या ऑगस्टमध्ये नववीच्या मुली तयार आहेत, दोन आयांची परवानगी बाकी आहे.